वर धरलेला हात

कुताइसीच्या टेकडीखाली, दवाखान्याच्या मागच्या खोलीत
त्सिसाना कोट काढते:
आधी धडधाकट बाही, मग दुखरी,
मधल्या क्षणी कॉलर दातांत.
हे तिला कुणी शिकवलं नाही.
खांदा गेला की माणूस आपोआप शिकतो.

अठ्ठावीस वर्षं परांचीवर,
डोंगरातल्या लहान चर्चांमधून,
दोन्ही हात उंचावून उभ्या मरियमच्या तोंडावरची
मेणबत्त्यांची काजळी कापसाने टिपत.
"पाचशे वर्षं हात वर आहेत तिचे," ती म्हणते,
"माझा मिठाच्या बरणीपर्यंत जात नाही."

मी प्लास्टरचा सांधा टेबलावर ठेवतो.
खुब्याची गोष्ट वेगळी, सांगतो,
तिथे खोल वाटी, हाड आत रुतून बसलेलं, संसारी.
इथे नुसती बशी
आणि बशीत अक्रोड.
हात चौफेर फिरावा म्हणून
शरीराने इथे स्थैर्य गहाण टाकलंय.

अक्रोड घरंगळत नाही ते चौघांमुळे.
चौघेही खवाट्यावरून निघतात,
एक वरून, दोन मागून,
आणि एक फासळ्यांकडे तोंड करून, पार आतून,
ज्याला कधी कुणी चोळलं नाही, कुणी वाखाणलं नाही.
दंडाचं डोकं ते मुठीत धरून असतात.
"आणि हा?" ती डेल्टॉइडवर बोट ठेवते.
तो दिसतो. गोलाई त्याची, रुबाब त्याचा,
आमच्या कुस्तीच्या पोरांच्या आधी तो दारातून आत येतो.
पण एकटाच ओढू लागला
तर हाड नीट वर जाऊन हाडाच्या छपरावर आपटेल.
तो वर खेचतो, चौघे खाली दाबून धरतात,
त्या भांडणातून हात उचलला जातो.

तुमचा गेलाय तो वरचा.
छपराखालच्या बोळातून जाणारा,
शेवटाला करंगळीएवढा.
उचलीच्या सुरुवातीला भरवसा त्याचा.
तुम्ही हात वर धरून बसलात, वर्षानुवर्षं,
आणि दोर काठाला घासून
धागा धागा उसवत गेला.

ती बराच वेळ खवाट्याकडे पाहते,
त्या पातळ, तिकोनी हाडाकडे,
जे एका हासळीच्या आधारावर
पाठीवर जवळजवळ तरंगतंच,
हात दोन अंश चढला की एक अंश वळतं.
मग म्हणते,
"देवदूतांचे पंख मी इथेच डकवत आले.
एकालाही स्नायू दिला नाही."
आणि हसते, डावाच खांदा उडवून.

व्यायाम साधा आहे:
भिंतीला तोंड करून बोटांनी चढायचं, कोळ्यासारखं,
पोचाल तिथे पेन्सिलची रेघ.
पहिला आठवडा, हनुवटी.
दुसरा, भुवई.
तिसऱ्यात रेघ खाली आली.
त्या दिवशी तिने पेन्सिल खिशात घातली,
न बोलता गेली.
नंतर आली तेव्हा एक डबा मध घेऊन आली,
रेघेबद्दल दोघांनीही काही काढलं नाही.

एप्रिलात मी मुद्दाम वर गेलो, बर्फ वितळलेल्या रस्त्याने.
परांचीच्या टोकाला ग्वान्त्सा, तिची शिष्या,
मरियमच्या उजव्या तळव्यापाशी.
त्सिसाना खाली, स्टुलावर,
झग्याची किनार करत होती,
कोपर बरगडीला टेकवून.
मध्येच ओरडली,
"हात खाली घे! दहा मिनिटं झाली!"
वर ब्रश थांबला. हात खाली आला.

मरियमचे तसेच.
मी दुर्बीण मागून घेतली.
बाही घसरलेली, आणि दंडाच्या मुळाशी
जुन्या चिताऱ्याने विटकरी रंगाची एक छटा सोडलेली,
गोलाईखाली, जिथे सावली पडते नेमकी तिथे.
कोण होता कुणास ठाऊक.
खांदा त्याचाही दुखत असणार.

माझ्या भिंतीवर तिची शेवटची रेघ
दिव्याच्या बटणाच्या वर चार बोटं आहे.
रंगारी आला होता परवा.
तेवढा तुकडा सोड, म्हटलं.